तिसऱ्या हाकेपर्यंत

२६ फेब्रुवारी २०२४, सोमवार

पोचलो. डबे सगळे नीट आहेत. लाल प्रायमरचं झाकण बसमध्ये सैल झालं होतं, पण सांडलं नाही. ब्रश सात. दोनदा मोजले.

ही वही दहावीची आहे. मागची पानं कोरी होती, म्हणून बरोबर घेतली. पुढच्या पानांवर गणितं आहेत, अर्धी चुकलेली. त्या गणितांनीच शाळा संपवली. शुद्धलेखनात मात्र कधी मार खाल्ला नाही.

रावेरच्या स्टँडवर उतरलो तर बाहेर केळीच्या गाड्या लागलेल्या. ताडपत्र्या आवळत होते, कोणीतरी दिल्ली, दिल्ली ओरडत होतं. मी तिकडं बघितलं नाही. सहा वर्षं मी रावेरकडं आलो नव्हतो. चुलतबहिणीचं लग्न रावेरला होतं तर ताप आला म्हणून सांगितलं. आणि माझ्या मालकांनी, तोताराम पेंटरांनी, नेमकं हेच काम माझ्या गळ्यात घातलं. जंगलात झाडांना नावाच्या पाट्या. म्हणाले, "फ्लेक्स उन्हात टिकत नाही, म्हणून हातानं लिहून पाहिजे त्यांना. आणि कुंदनलाच पाठवा असं सांगितलंय." माझं नाव तिकडं कोणाला माहीत? तर म्हणाले, "अक्षर चांगलं असलं की नाव पसरतं. जा आता, नखरे करू नको!"

आईला फक्त रावेरकडं म्हटलं. तिनं काही विचारलं नाही. पिशवीत स्वेटर घातला, शेंगदाण्याची चटणी घातली. दारात म्हणाली, "शिवरात्रीले मी महादेवाले जाईन. दरसाल जाते तशी." एवढंच.

उंबरपाडा. डोंगराच्या पायाशी वीस-पंचवीस घरं, लगेच मागे जंगल. उतरलोय करमसिंगभाऊंकडे. गावच्या वनसमितीचे तेच अध्यक्ष, पाट्या त्यांनाच लावायच्या आहेत. पन्नाशीचे असतील. मोटारसायकलवर डबे असे बांधले की एक हलला नाही. त्यांची बायको गुंताबाई. मला बघून म्हणाल्या, "हाऊ पेंटर? हाई तं निवळ काडी शे! वारा सुटना तं उडी जाई."

हसलो. पण त्या हसता हसता थांबल्या आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. शर्टावर रंग लागलाय का म्हणून मी पाहिलं. नव्हता.

हेच जंगल आहे. दुसरं असेल असं रावेरपासून स्वतःला सांगत आलो. हेच आहे.

२७ फेब्रुवारी

पाट्या अडतीस. पत्रा, त्यावर लाल प्रायमर, त्यावर पिवळा, वर काळी अक्षरं. मी खिळे आणले होते. करमसिंगभाऊंनी डबीच काढून घेतली. "खिळा नही ठोकाना. झाड म्हनजे काय भीत शे का?" त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवल्यात. पट्टी खोडाभोवती बांधायची. झाड वाढलं की ट्यूब ताणते, खोडाला वळ पडत नाही. मला हे आवडलं. इतकी वर्षं खिळे ठोकतोय, कधी सुचलं नाही.

आज सात झाडं झाली. साग, ऐन, धावडा, सालई, तिवस, टेंभुर्णी, कुसुंब. मी पुस्तकी नाव मोठं लिहितो, त्याखाली त्यांच्या बोलीतलं नाव बारीक. बोलीतलं नाव कसं लिहायचं ते भाऊंना चार-चारदा म्हणायला लावतो. ते वैतागले. "आरे, झाडले वाचता येस का?" मी म्हटलं, माणसांना येतं ना. म्हणाले, "मंग मानसं येऊ दे तं खरं!"

सागाची पानं गळून सगळीकडं पसरलीत, मोठी, वाळलेली. पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. पळस फुललाय. बाकी रान उघडं आहे. एवढं उघडं रान असूनही पलीकडं काही दिसत नाही. खोडंच खोडं.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. भाऊ पाणी आणायला खाली गेले होते. मी एकटा, कुसुंबाची पाटी बांधत होतो. मागून हाक आली—

कुंद्या!

एकदाच. पानांवर पाऊल नाही, काही नाही. मला कुंद्या म्हणणारं आता कोणी नाही. आई कुंदन म्हणते, बाकीचे पेंटर म्हणतात.

मी ओ दिली नाही. ट्यूबची गाठ धरून तसाच उभा राहिलो. भाऊ आले तेव्हा म्हणाले, "गाठ अजून बांधी नही का?" ऊन लागलं म्हटलं.

२८ फेब्रुवारी

आज हाक नाही. नऊ पाट्या लावल्या.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

आज वरच्या पायवाटेला लागलो. ही वाट टाळता आली तर बघत होतो. यादीत उरलेली बावीस झाडं तिकडंच आहेत.

वाट जिथं घळीकडं वळते तिथं फांद्यांचा एक ढीग आहे. कमरेएवढा. खालच्या फांद्या कुजून माती झालेल्या, वरच्या वाळलेल्या, सगळ्यात वर दोन-तीन हिरव्या. भाऊंनी चालता चालता धावड्याची एक डहाळी मोडली, ढिगावर टाकली, थांबलेही नाहीत. मागून एक म्हातारा शेळ्या घेऊन आला. त्यानंही टाकली. मला वाटलं सरपण गोळा करतात. तसं विचारलंही!

भाऊ वळले. "सरपन नही. हाई कोनी घरी नेत नही. रानमा मानूस मरस, त्या जागावर जाता येता फांदी टाकानी. त्याले एकलं वाटत नही मंग."

"कोण मेलं?"

"एक पोऱ्या व्हता." मग माझ्याकडं बघून, "तू बी टाक."

मी म्हटलं, हात रंगाचे आहेत. नंतर टाकतो.

तिथून घळ पन्नास पावलांवर आहे. काठावर बेलाचं झाड आहे. मी वर पाहिलं नाही तरी कळलं. यादीत अडतिसावं नाव बेल.

पुढच्या पाटीवर टिंबाचा ओघळ आला. पाटी पुसून पुन्हा रंगवली. असं कधी होत नाही.

१ मार्च, शुक्रवार

लिहून टाकतो. सहा वर्षांत एकाही कागदावर लिहिलेलं नाही.

गोपाल. माझा मोठा भाऊ. मी सतरा, तो एकवीस. तो रावेरला केळीच्या वखारीवर गाड्या भरायचा, त्यामुळे या बाजूची त्याला माहिती. महाशिवरात्रीच्या दिवशी तो म्हणाला, चल, जंगलात बेलाची पानं फुकट आहेत, देवळापुढं विकू. पहाटेच निघालो. स्कूटर, दोन रिकाम्या खताच्या गोण्या. आईनं निघताना नेहमीचं सांगितलं. ती लहानपणापासून सांगायची, तिला तिच्या आजीनं सांगितलेलं—रानात कोणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. तिसऱ्या हाकेलाच द्यायची. भुताला दोनदाच बोलावता येतं. माणूस असेल तर तिसऱ्यांदा बोलावेल.

दादा बेलावर चढला. मी खाली वाटेवर, जिथं आता ढीग आहे तिथंच कुठंतरी, डहाळ्यांच्या जुड्या बांधत होतो. मधे झाडं, तो दिसत नव्हता. मग हाक आली.

कुंद्या!

मी ओ दिली नाही. नियम म्हणजे नियम. मी तसाच आहे, सांगितलेलं मोडवत नाही.

थोड्या वेळानं पुन्हा. कुंद्या! या वेळी आवाज वेगळा होता. वेगळा म्हणजे कसा ते सहा वर्षं ठरवतोय.

मी जुडी हातात धरून तिसऱ्या हाकेची वाट पाहिली.

किती वेळ पाहिली ते माहीत नाही. एरवी मला वेळ बरोबर कळते. मग बेलापाशी गेलो तर झाडाखाली त्याच्या चपला, शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. वर एक फांदी मोडलेली, पांढरी. खाली घळीत नुसती घाणेरीची झुडपं. मी काठावरून दादा, दादा म्हणून ओरडलो. खाली उतरलो नाही. खाली उतरलो नाही. पळालो. स्कूटर कशी चालवली आठवत नाही.

घरी येऊन सांगितलं, दादा रावेरला केळीच्या गाडीवर बसून दिल्लीकडं गेला. पैसे कमवून येतो म्हणाला. हे आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं. आईनं माझ्या हातांकडं पाहिलं. बेलाच्या काट्यांचे ओरखडे होते. म्हणाली, "बरं. तू जेव."

खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ओ का नाही दिली? मग तिला आठवलं असतं, की ते मला तिनंच शिकवलं. हे तिला कसं सांगायचं?

मला ताप आला. जामनेरला लोटनमामांकडं पाठवलं, तीन महिने. परत आलो तर आईनं घरच बदललेलं, जळगावलाच, पण पिंप्राळ्याच्या कॉलनीत. तिथं आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. म्हणून दादा कुठंय असं कोणी विचारलं नाही. दर दिवाळीला मी सांगतो, दादाचा फोन आला होता. आई विचारते, काय जेवतो तिकडं? मी म्हणतो, रोट्या. एकदा म्हणालो, ट्रक सोडून पंजाबात ढाब्यावर लागलाय. कधी कधी मलाच खरं वाटायचं.

कालपर्यंत वाटायचं. ढीग बघेपर्यंत.

२ मार्च

विचारलं. पाटी बांधताना, भाऊंकडं न बघता. तो पोरगा कुठला होता?

"जळगावकडला. बेल तोडाले उना व्हता. शिवरात्रना दिन."

"कोणाला सापडला?"

"मालेच. दोन दिवस व्हई गयथात. गिधाडं फिरी ऱ्हायनी व्हती म्हनीसन उतरनू." त्यांनी गाठ आवळली. "खाले दगडवर व्हता. हातमा बेलनी फांदी तशीच धरेल."

मी विचारलं—हे विचारायलाच इथं आलोय असं वाटलं—पडल्यावर तो जिवंत होता का? काही वेळ?

भाऊंनी गाठ पुन्हा ओढून पाहिली. "माले काय म्हाईत भाऊ. मी दोन दिवस उशिरा उनू." मग म्हणाले, "तुले काय वाटस?"

मी म्हटलं, मला काय माहीत. ट्यूबची पट्टी द्या इकडं.

पोलीस आले, नेलं, असं म्हणाले. कुठं नेलं ते मी विचारू शकलो नाही. बेवारस. हा एकच शब्द डोक्यात. दवाखान्याच्या मागे, नंबर टाकून, बेवारस म्हणून जाळलं असणार. आणि आई दर दिवाळीला त्याच्यासाठी एक करंजी काढून ठेवते.

चार वाजता दुसरी हाक आली. घळीच्या बाजूनं. कुंद्या! भाऊ शेजारीच होते. त्यांना ऐकू आली नाही, किंवा आली आणि ते बोलले नाहीत.

आता दोन झाल्या.

३ मार्च

रविवार. काम बंद. दिवसभर अंगणात बसून पाट्यांच्या कडा घासल्या. कडा आधीच घासलेल्या होत्या.

४ मार्च, सोमवार

ठरवलं. आईला सांगायचं.

रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर मिळते. तिथं मोहाचं झाड आहे, त्याखाली कोणीतरी पानं जाळून जागा साफ केलीय, आता फुलं पडायला लागतील म्हणून. त्या काळ्या राखेत उभा राहून फोन लावला. काय बोलायचं ते आधी वहीत लिहून पाठ केलं होतं. पहिलं वाक्य—आई, दादा गाडीवर गेला नव्हता.

"जेवला का रे?" आई म्हणाली.

"हो. आई, दादा—"

मागे कुकर होत होता, तो तिनं बंद केला. बटणाचा आवाज आला.

"काय दादा?" ती म्हणाली. "बोल."

मी म्हटलं, "दादाचा फोन आला होता."

टेकाडावर वारा होता. मग आई म्हणाली, "बरं. काय म्हने तो?"

"बरा आहे म्हणाला."

"मंग बरं. स्वेटर घाल, सकाळी थंडी असते तिकडं."

फोन ठेवून मी राखेतच बसलो. पँट काळी झाली. दिवाळी नाही, काही नाही, मार्च महिन्यात कसला फोन! लाज वाटली, ती खोटं बोलल्याची नाही, ते इतकं सोपं गेल्याची.

५ मार्च

गुंताबाई आज खूप बोलल्या. त्या चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करतात आणि मला अंगणातून हाक मारतात. मी जात नाही. तिसऱ्यांदा मारली की जातो. सवय आहे, मला कळतसुद्धा नाही. आज त्यांनी भाकरी ताटात आदळलीच.

"रोज तीन खेप बोंबलाना का मी? बहिरा शे का तू? असा ऱ्हायना तं बायको तिसऱ्या हाकेपावत माहेर निंघी जाई!"

करमसिंगभाऊ हसले. म्हणाले, "तुले काय म्हाईत, मी बी तुना पहिल्या हाकेले कवय येस?"

"तू तं सातव्या हाकेले बी येत नही! तुना हिशोबच येगळा."

मी म्हटलं, आमच्या आईनं शिकवलंय. रानात तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. भूत दोनदाच बोलावतं.

दोघं एकमेकांकडं बघू लागले. गुंताबाईंचा राग गेला. हळू म्हणाल्या, "हाई गावनी गोठ शे, बेटा. जंगलमा ज्या ऱ्हातस, त्या पहिल्या हाकेलेच ओ देतस. सापनं चावं, झाडवरतून पडनं, अस्वल उनं—मानसाले दुसरी हाक माराले टाइम कोठे ऱ्हास? आमनी पोरेसले आम्ही पहिलं हाईच शिकाडतस. हाक उनी का ओ द्यानी आनि पळानं, तिकडंच."

"आणि भूत असलं तर?"

"भूतले तुनं नाव कसं म्हाईत व्हई?"

मी भाकरी खाल्ली. सगळी. ताट घासलं. मग पुन्हा घासलं.

६ मार्च

सदतीस पाट्या लागल्या. राहिली बेल.

दोन अक्षरं. चारदा रंगवली, चारदा पुसली. पाचव्यांदा बरी आली. भाऊंना म्हटलं, ही तुम्ही बांधा. म्हणाले, "नही. ती तुनीच शे."

जाता येता ढिगावर सगळे डहाळी टाकतात. शाळेची पोरंसुद्धा, खेळता खेळता. त्याला एकलं वाटू नये म्हणून. ज्यांनी त्याला जिवंत पाहिलंही नाही ते सहा वर्षं टाकतायत. मी अजून एकसुद्धा टाकलेली नाही.

७ मार्च, गुरुवार

सकाळी गुंताबाई अंगण सारवत होत्या. मी सहज म्हटलं, उद्याची तयारी का? म्हणाल्या, "उद्या पाव्हनी येस. दरसाल येस, शिवरात्रले. जळगावनी माय शे. त्या पोऱ्यानी."

कोणत्या, असं मी विचारलं.

"ढिगवालाना. पोलीसले त्याना शर्टवर शिंपीनं नाव सापडनं, तठून पत्ता लागना. मंग ती उनी, तिना भाऊसंगे. रावेरलेच अग्नी दिधा. तवयपाईन दर शिवरात्रले येस. एसटीनी येस, चालत येस. बेलनी फांदी स्वतः तोडस, काटा लागतस तरी कोनाले तोडू देत नही."

हातावरचे ओरखडे. दर शिवरात्रीला संध्याकाळी आई परत येते तेव्हा तिच्या हातावर ओरखडे असतात. मी एकदा विचारलं तर म्हणाली, देवळात गर्दी होती.

बेवारस नव्हता. मामांसोबत तिनं त्याला नेलं. मी जामनेरला तापात होतो तेव्हा. तो ताप, ते तीन महिने, ते नवीन घर!

गुंताबाई शेणाचा हात थांबवून बोलत होत्या, पण माझ्याकडं बघत नव्हत्या.

"दोन फांद्या टाकस ती. मी एक साल इचारं, दोन कसाले? ती म्हने, एक जो गया त्यानी. एक जो ऱ्हायना त्यानी. त्यानासंगे धाकला भाऊ व्हता, तो घर उना तरी अजून रानमाच शे. पोलीसले तिनी सांगं, मोठा एकलाच गयता. धाकलाले कोनी काही इचाराले नको म्हनीसन."

मी विचारलं, मग ती त्या धाकट्याला सांगत का नाही? तिला सगळं माहीत आहे तर?

"मी बी तेच म्हनं. तं म्हने, तो माले सांगस मोठा जिता शे. एवढं वझं घीसन सांगस. मी कशी त्याना तोंडवर हात ठेवू? त्यानं तोंडनं सांगाले पाहिजे." मग पुन्हा सारवायला लागल्या. "पाट्यासनं काम निंघनं तवय तिनीच आमले सांगं. मना पोऱ्या पाट्या रंगाडस, म्हने. त्याले बलाडा. पन त्याले काही सांगू नका."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. आणि मी सोमवारी टेकाडावरून तिला फोन करून सांगितलं, बरा आहे म्हणाला.

पिशवी भरली. ब्रश सात. सकाळी साडेसातची गाडी आहे रावेरला. आई उतरायच्या आत मी निघून गेलेलो असेन. तिच्यासमोर उभं राहता येणार नाही. एकदा पळालो तसं आणखी एकदा. जमतं मला.

पण बेलाची पाटी राहिलीय. काम अर्धं ठेवून गेलो तर तोताराम पेंटर काय म्हणतील?

हे कारण किती वाईट आहे ते लिहिल्यावर दिसलं.

८ मार्च, महाशिवरात्र

गाडी गेली. हॉर्न बेलापाशी ऐकू आला. मी पाटी बांधत होतो, ट्यूबच्या पट्टीनं, घळीकडं तोंड करून.

मागे पानं वाजली. "कुंदन!"

दोन आधी झाल्या होत्या. ही कितवी ते मोजलं नाही. ओ दिली आणि पळत गेलो, तिकडंच.

आई वाटेवर उभी होती, धापा टाकत, गुंताबाई आणि त्यांची शेळी मागे. मी म्हटलं, "आई, त्यानं मला दोनदा बोलावलं होतं." ती म्हणाली, "मले तेवढंच ऐकायचं होतं रे." मग ढिगापाशीच सगळं सांगितलं, चपलांपर्यंत. नियमाचंसुद्धा. ती रडली, पण माझा हात सोडला नाही.

तिनं बेलाच्या दोन फांद्या तोडल्या. मी एक धरू लागलो तर काटा लागला. पहिली आम्ही दोघांनी मिळून ढिगावर ठेवली.

दुसरी, माझ्या नावाची, तिनं शेळीला घातली.